खडशीचं अंडं गोठत नाही : मत्स्यव्यवसाय आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी मांजरी बुद्रुकचा. एकवीस वर्षं हवेली आणि दौंड तालुक्यांत गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करत फिरलो. आता केडगावच्या बाजूला तीन एकरांत मत्स्यबीजाचे तलाव सांभाळतो. आधी वळूचं रेत, आता माशाचं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं. ही दोन्ही कामं हाताखालून गेल्यामुळे एक गोष्ट मला दिसते, आणि ती दिसत असताना गप्प बसवत नाही. ती म्हणजे आपल्या नद्यांतल्या माशांचं, त्यातही खडशीचं म्हणजे महाशीरचं, बीज गोठवून जपण्याची.

रेतनाच्या कामात सगळी मदार एका भांड्यावर असते. द्रवनत्राचा, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर. आत उणे १९६ अंश सेल्सिअस, आणि त्यात रेत भरलेल्या पाव मिलिलिटरच्या बारीक कांड्या. झाकण काढलं की पांढरी वाफ काठावरून खाली सांडते. नत्र किती उरलं हे बघायला काळी मोजपट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव धरेल तितकं नत्र शिल्लक. एका दिवाळीत आमच्या केंद्रावर नत्राची गाडी आलीच नाही. सुट्ट्या, निरोप याच्याकडून त्याच्याकडे, आणि पाचव्या दिवशी मी पट्टी बाहेर काढली तर ती कोरडी. सव्वादोनशे कांड्या होत्या आत. दिसायला जशाच्या तशा. वळूचा नंबर तोच, रंग तोच. फक्त जीव नव्हता. त्यात एका वळूच्या शेवटच्या अकरा कांड्या होत्या. तो वळू मरून सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी तो दुसऱ्यांदा मेला, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

मेलेल्या वळूचं वासरू आमच्या भागात कुणाला नवल वाटत नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली, तिथून गोठित रेतमात्रा गावोगाव गेल्या, आणि आज शाळेतलं पोरही सांगतं की कांडीत जीव झोपलेला असतो. पुण्यात तर याहून मोठी कामं चालतात. गणेशखिंडीच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात पेशी गोठवून जतन होतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. गल्लोगल्लीच्या वंध्यत्व उपचार केंद्रांत माणसाचे गर्भ गोठवलेले आहेत. ज्या शहरातून मुळा आणि मुठा वाहतात, त्या शहरात त्या नद्यांतल्या एकाही माशाची एक कांडीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

हे का खुपतं ते सांगतो. ज्याला आपण महाशीर म्हणतो आणि आमच्याकडे खडशी म्हणतात, त्या माशाची शास्त्रीय ओळख पुण्याने जगाला दिली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर काम केलं आणि १८३९ साली या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. नाव ठेवलं ते इथल्या माणसांच्या तोंडचं, खुद्री. टॉर खुद्री. त्याच साली त्याने शिंगटीलाही नाव दिलं, मिस्टस शिंगटी. आणि इंदापूरजवळ भीमेत मिळालेल्या, कपाळावर खाच असलेल्या एका विचित्र माशाला नाव दिलं नुकटा. म्हणजे जगभरच्या संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर आपल्या भोयांची मराठी लिहिलेली आहे. नुकटा आज आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातली जात म्हणून नोंदलेला आहे. ज्या इंदापूरला तो नाव घेऊन जगापुढे गेला, तिथे आता उजनीचा फुगवटा आहे आणि भिगवणच्या बाजारात सकाळी चिलापीचे ढीग लागतात.

१९४२ साली फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी छापली. तेव्हापासून दर पिढीत कुणी ना कुणी या नद्या पुन्हा तपासल्या आहेत आणि शहराच्या पट्ट्यातली यादी लहान होत गेली आहे. मला यादीची गरज नाही. माझे वडील मांजरीच्या पुलाखाली गळ टाकायचे. वाम, मरळ, शिंगटी, गुगळी. आज त्या पुलावरून पाहिलं तर फेस दिसतो आणि जलपर्णी दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बरेच लोक मला म्हणतात, एवढं शास्त्र पुढे गेलंय, माशाची अंडी गोठवून ठेवायची, पुढे नदी सुधारली की सोडायची. आपल्याही टेबलावर असे प्रस्ताव येत असतील. त्यांवर सही करण्याआधी कृपया एवढं ऐका : माशाचं अंडं गोठत नाही. म्हणजे गोठतं, पण परत जिवंत होत नाही.

कारण साधं आहे आणि ते समजायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून फाडतात. म्हणून गोठवण्याआधी पेशीतलं पाणी काढून तिथे डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा ग्लिसरॉलसारखं संरक्षक द्रव्य भरावं लागतं. माणसाचं अंडं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं. खडशीचं अंडं तीनेक मिलिमीटरचं, पिवळं, टपोरं. व्यास तीसपट, म्हणजे आकारमान सत्तावीस हजारपट. एवढ्या गोळ्यात द्रव्य आतपर्यंत पोचत नाही आणि पाणी बाहेर येत नाही. त्यात वरून कवच, आत बलकाभोवती आणखी एक पडदा जो कशालाच वाट देत नाही, आणि बलक असा की अनेक उष्ण प्रदेशांतल्या जातींची अंडी गोठायच्या आधीच, नुसत्या थंडीने खराब होतात. भरपूर बलक ही खडशीची ताकद आहे. रोहूची अंडी चौदा ते अठरा तासांत फुटतात, खडशीचं पिल्लू तीन-चार दिवस अंड्यात राहतं आणि त्याच शिदोरीवर वाढतं. नेमकी ती शिदोरीच गोठवताना आड येते.

जगात यावर काम थांबलेलं नाही. उंदराचा भ्रूण १९७२ मध्ये गोठवून जगवला गेला, गाईचा १९७३ मध्ये, माणसाचा १९८४ मध्ये. माशाच्या भ्रूणाला २०१७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ आणि स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी झेब्रा माशाच्या भ्रूणात संरक्षक द्रव्याबरोबर सोन्याचे अतिसूक्ष्म कण टोचले, द्रवनत्रात बुडवून स्फटिक न होऊ देता तो काचेसारखा गोठवला, आणि एक मिलिसेकंदाच्या लेसरच्या झोताने तो इतक्या झटक्यात गरम केला की स्फटिक व्हायला उसंतच मिळाली नाही. चोवीस तासांनंतर दहातला साधारण एक जिवंत होता. पुढे त्यांनी असे मासे मोठे करून त्यांची वीणही घेतली. हा झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. पण त्याचा भ्रूण जेमतेम एक मिलिमीटरचा आणि पारदर्शक. तिथून खडशीपर्यंतचं अंतर किती वर्षांचं आहे ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि तोवर मुळेतल्या माद्या थांबणार नाहीत.

नराचं मात्र तसं नाही. हेरिंग माशाचं रेत ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्लॅक्सटरने १९५३ मध्येच गोठवून वापरलं होतं. आपल्याकडे लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था १९८३ पासून आहे. तिने रेत गोठवण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. खुद्द खडशीचं गोठवलेलं रेत वापरून अंडी फलित करणं भारतीय शास्त्रज्ञांनी वीस वर्षांपूर्वीच करून दाखवलंय. आणि हे काम हाताने कसं करायचं ते माझ्यासारख्याला ओळखीचं वाटतं. नराचं पोट फडक्याने कोरडं करायचं, कारण माशाच्या रेताला पाणी लागलं की ते जागं होतं आणि मिनिटभरात दमून संपतं. हलक्या दाबाने रेत कोरड्या नळीत घ्यायचं, द्रावणात मिसळायचं, कांडीत भरायचं, नत्राच्या वाफेवर धरायचं, मग बुडवायचं. काढताना कोमट पाण्यात काही सेकंद. अनेक पायऱ्या मी गोठ्यात बसून हजारो वेळा केल्या आहेत. मिनेसोटाचा लेसर लागत नाही. कंटेनर लागतो, वेळेवर नत्र लागतं, आणि नोंद ठेवणारा माणूस लागतो.

पण रेत म्हणजे निम्मा मासा. पेशीतला जो वारसा फक्त आईकडून येतो, तो कांडीत नसतो. म्हणून जपानमध्ये गोरो योशिझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी ट्राउट माशाच्या वृषणातल्या मूळ पेशी घेऊन मासू साल्मन या दुसऱ्याच जातीच्या वांझ पिल्लांत सोडल्या. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की ती साल्मन मोठी झाल्यावर फक्त ट्राउटचीच पिल्लं देतात. मादी साल्मनच्या पोटात त्या नराच्या पेशींपासून अंडी तयार झाली. २०१३ मध्ये तर सबंध वृषण गोठवून, नंतर त्यातल्या पेशी वापरून हेच साधलं. म्हणजे अंडं गोठवता येत नसलं तरी अंडं बनवू शकणारी पेशी गोठवता येते, आणि त्या पेशीत आईकडचा वारसाही असतो. खडशीसाठी हे अजून दूर आहे. पण वृषणाचा तुकडा आज गोठवून ठेवला तर वीस वर्षांनी एखादी मुलगी प्रयोगशाळेत बसून तो वापरू शकेल. ठेवलाच नाही तर तिच्या हातात फॉर्मॅलिनच्या बाटलीतला मासा येईल. आकुर्डीच्या प्राणिसर्वेक्षण विभागात तसे नमुने आहेत, आणि अभ्यासाला त्यांचं मोल मोठं आहे, पण त्या बाटलीतून वीण होत नाही.

आता मत्स्यबीजाबद्दल, कारण माझं पोट त्यावर आहे आणि आपल्या खात्याचंही मुख्य काम तेच.

१० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या अंगुलला पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्पची, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांची वीण घेतली. तोवर आपण नदीतून बीज गोळा करत होतो. त्या दिवसाने देशाचं मत्स्यपालन उभं केलं, आणि आपण तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. पण गोलाकार हॅचरीत तेच चाळीस-पन्नास जनक मासे वर्षानुवर्षं वापरले जातात. मामा-भाचीची लग्नं व्हावीत तसं. चार वर्षांपूर्वी मी एका खासगी हॅचरीतून कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं आणली, पावतीवर कटलाच लिहिलेलं होतं. आठ महिन्यांनी जाळं ओढलं तर डोकं कटल्याचं आणि अंग रोहूचं, असा अर्धवट माल. वाढ दोन्हीकडची नाही. तक्रार करायला गेलो तर म्हणाले, पाण्याचा दोष असेल. मला त्या हॅचरीवाल्याचा राग येत नाही, त्याची कीव येते, कारण शुद्ध कटल्याचा नवा नर त्याने आणायचा कुठून? नदीतून आलेल्या, तपासलेल्या, नोंद असलेल्या नरांच्या कांड्या जर खात्याच्या रेतपेढीत असत्या, तर वळू बदलतो तसं दर दोन वर्षांनी रक्त बदलता आलं असतं. जनक मासे ट्रकमध्ये घालून शेकडो मैल न्यायचीही गरज नाही. नर आधी तयार होतो आणि मादी उशिरा, तोवर नर ओसरलेला असतो, हे हॅचरीतलं नेहमीचं रडगाणंही कांडीने थांबतं.

मात्र इथेच मला एक भीती सांगायची आहे, आणि ती मी पोटतिडकीने सांगतोय. गोठवलेलं बीज स्वस्त आणि सोयीचं झालं की ते कुठेही सोडण्याचा मोह होतो. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवण केंद्राने १९७० च्या दशकापासून खडशीची कृत्रिम वीण घेतली आणि लाखो पिल्लं वाढवली. पुणे जिल्ह्याला अभिमान वाटावा असं ते काम आहे. पण खडशीची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, जगातल्या मोठ्या महाशीरांपैकी एक. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण आपली खडशी तिथे माजली आणि त्यांचा महाशीर दिसेनासा होत गेला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. नाव नीट कळेपर्यंत मासा कडेलोटाला आला होता.

म्हणून माझी पहिली विनंती कंटेनरची नाही, चिठ्ठीची आहे. वळूच्या कांडीवर नंबर असतो, त्या नंबरावरून त्याची आई किती दूध देत होती हे काढता येतं. माशाच्या कांडीवर नदी हवी, डोह हवा, तारीख हवी, माशाची लांबी हवी. मुळेचं मुळेत, नीरेचं नीरेत. इंद्रायणीतल्या खडशीची कांडी पवनेच्या मादीला वापरायची असेल तर त्याचा निर्णय जनुकं तपासून व्हावा, रजिस्टरमध्ये जागा रिकामी आहे म्हणून नव्हे. आणि पेढी एका ठिकाणी नको. मी सव्वादोनशे कांड्या मेलेल्या पाहिल्या आहेत. अर्ध्या उरुळीकांचनसारख्या रोज नत्र हाताळणाऱ्या जागी ठेवण्याबद्दल त्यांच्याशी बोला, अर्ध्या लखनौला पाठवा, आणि पट्टी बुडवून दर आठवड्याला सही करणारा माणूस नेमा. त्याची बदली झाली तरी पट्टी बुडलीच पाहिजे.

दुसरी विनंती मादीसाठी. तिचं अंडं साठवण्याची जगातली एकच चालू जागा आहे, तिचं पोट. पहिल्या मोठ्या पावसाला मासे चढणीला लागतात. आमच्या लहानपणी ओढ्यावर रात्री कंदील घेऊन चढणीचे मासे धरायला सगळी आळी जायची, मीही गेलो आहे, आणि गाभोळीने तट्ट फुगलेली मादी मिळाली की ती सगळ्यांत नशीबवान पकड मानली जायची. आज ती पकड परवडणारी नाही. मावळ-मुळशीतल्या काही निवडक ओढ्यांवर आणि डोहांवर पावसाळ्याच्या तोंडाला सहा आठवडे जाळं लागू नये, एवढं करा. लोक ऐकणार नाहीत असं समजू नका. देहूत इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही, महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीतल्या महाशीरांना देवीचे मासे म्हणून आजही खाऊ घालतात. देवाच्या नावाने जे पिढ्यान्पिढ्या पाळलं गेलं, ते सांडपाण्यापुढे मात्र हरतं. इंद्रायणीत मेलेल्या माशांच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. तिथे भाविकांचा काही दोष नाही. तिथे आपल्या खात्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भांडायला हवं, आणि मासे मेल्यावर पंचनामा करण्यापुरतं जाऊ नये.

भोई समाजातल्या जुन्या माणसांना यात घ्या. कोणत्या डोहात अजून खडशी आहे, नुकटा शेवटचा कधी जाळ्यात आला, हे त्यांना माहीत आहे आणि ते कुठल्याही अहवालात नाही. त्यांना दिवसाची मजुरी द्या, फोटो काढून परत पाठवू नका. माझ्या ओळखीचे एक आजोबा नीरेच्या काठी आहेत, ऐंशीच्या पुढे. हात पाण्यात घालून सांगतात की मादी आज सोडेल की उद्या. त्यांच्यानंतर ते सांगणारं त्यांच्या घरात कुणी नाही.

एवढं मोठं पत्र लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. माझ्याकडे तीन-तीन लिटरचे दोन जुने कंटेनर आहेत, निवृत्तीच्या वेळी विकत घेतलेले. गेल्या महिन्यात नत्र भरून तपासले, दोन्हींची निर्वात पोकळी शाबूत आहे, वीस दिवस नत्र टिकलं. मोजपट्टी आहे, कांड्या भरायचा हात अजून थरथरत नाही. नदीतला मासा धरून त्याचं रेत घ्यायला परवानगी लागते आणि शास्त्रज्ञाची देखरेख लागते, ती लागायलाच हवी. आपल्या खात्याने एक अधिकारी, एखाद्या संस्थेचा एक जाणकार आणि एक लेखी परवानगी एवढं द्यावं. पहिला मोठा पाऊस झाला, पौडच्या वरच्या अंगाला मुळा गढूळ होऊन चढली, की दोन्ही कंटेनर भरून मी माझ्या खर्चाने तिथे येऊन उभा राहीन. निरोप आदल्या रात्री मिळाला तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक मत्स्यबीज उत्पादक व निवृत्त कृत्रिम रेतन कर्मचारी
मांजरी बुद्रुक, ता. हवेली, जि. पुणे